त्वचारोगकारक बुरशीतील जनुकीय अभिव्यक्ती : एक विवेचन

प्रस्तावना : शाहूपुरीसह कोल्हापूर परिसरात पावसाळ्यातील दमटपणामुळे नायटा अर्थात गजकर्ण बळावतो. 'ट्रायकोफायटॉन' ही बुरशी त्याचे प्रमुख कारण होय.

विवेचन : त्वचेच्या बाह्य थरातील केराटिन हे प्रथिन गंधकबंधांमुळे टणक असते. बुरशी सल्फाइट सोडून हे बंध तोडते व विकरांद्वारे केराटिनचे विघटन करते. या विकरांची जनुके परिस्थितीनुसार कार्यान्वित होतात. याच गटातील एका बुरशीत, केराटिनवर वाढविली असता 'सब-३' जनुक अधिक सक्रिय आढळले. गिनीपिगच्या त्वचेवर मात्र 'सब-६'. म्हणजेच प्रयोगशाळेतील चित्र त्वचेला जसेच्या तसे लागू पडत नाही.

अभिव्यक्तीतील असा बदल तात्पुरता असतो. उत्परिवर्तन मात्र पुढील पिढीत उतरते. भारतीय व नेपाळी रुग्णांतील बुरशीवरून २०२० मध्ये वर्णिलेल्या 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'मध्ये स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या जनुकात उत्परिवर्तन आढळते. टर्बिनाफिन हे औषध याच विकरास रोखत असल्याने ते तेथे निष्प्रभ ठरते.

निष्कर्ष : स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज शमते, बुरशी नव्हे, उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबते. म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने पूर्ण मुदतीचे उपचार आणि गुण न आल्यास बुरशीची तपासणी आवश्यक ठरते.