जनुकांचा अहवाल आणि परिचारिकेचे उत्तरदायित्व

मानवी जनुकसंचाचे वाचन करणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २००३ मध्ये पूर्ण झाला. जनुकशास्त्राच्या प्रगतीने वैद्यकाला नवी दृष्टी दिली, हे निर्विवाद. परंतु रक्ताचा अहवाल हाती पडलेल्या कुटुंबाला त्याचा अर्थ सांगण्याची वेळ येते, तेव्हा समोर बहुधा शास्त्रज्ञ नसतो; असते ती परिचारिका.

सिकलसेल या आनुवंशिक विकाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एका सूक्ष्म बदलामुळे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी परिसरातील आदिवासींमध्ये झाली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात आणि आपल्या विदर्भातही त्याचे रुग्ण आढळतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

तपासणीत कोणी रुग्ण ठरतो, तर कोणी केवळ वाहक. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजेच बदललेले जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही येते. तरीही घरोघरी दोष सुनेच्याच माथी मारला जातो. ‘वाहक’ हा शब्द ऐकताच ठरलेली सोयरीक मोडण्याची भीती असते. अशा वेळी परिचारिकेने संयमाने सांगितलेली दोन वाक्ये एखाद्या मुलीचा संसार सावरू शकतात.

अमेरिकेतील अनुभव सावध करणारा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील काही राज्यांनी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. पुरेशा समुपदेशनाअभावी वाहक आणि रुग्ण यांतील भेद पुसला गेला आणि अनेक निरोगी कृष्णवर्णीयांना नोकरी व विमा नाकारला गेला. जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्यविमा व नोकरी यांत होणाऱ्या भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा तेथे २००८ मध्ये झाला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. त्यामुळे संमती, गोपनीयता आणि समुपदेशन यांचा भार तपासणी करणाऱ्यांच्या सदसद्विवेकावर अधिकच पडतो.

खातेदाराची माहिती गुप्त राखणे हे बँकिंग व्यवसायाचे आद्य कर्तव्य होय. जनुकीय अहवालाबाबत हे कर्तव्य अधिक अवघड आहे, कारण तो एखाद्या संयुक्त खात्यासारखा असतो. एकाच्या रक्तात भावंडांची आणि पुढील पिढीचीही माहिती दडलेली असते. बहिणीला सावध करणे हिताचे असले, तरी रुग्णाच्या संमतीवाचून तिला सांगावे काय? येथे परिचारिकेने परस्पर निर्णय घ्यावयाचा नसतो. रुग्णानेच बहिणीशी बोलावे यासाठी त्याला धीर द्यावयाचा असतो. विवाह आणि अपत्य यांविषयीचा निर्णयही त्या दांपत्याचाच. तिने केवळ यथार्थ माहिती द्यावी.

जनुके आपण निवडून घेत नाही. त्यांच्यामुळे कोणाकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे मात्र आपण निवडू शकतो. हीच समज पाड्यापाड्यांवर पोहोचविणारी परिचारिका आपल्या सहकार्यास आणि आदरास पात्र आहे.