ओरखडा आणि अंदाज

कॉम्पॅक्ट डिस्क कितीही काळजीने बनवली, तरी तिच्यावरची सगळी माहिती बिनचूक वाचली जात नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८०मध्ये ठरवलेल्या मानकात चुका गृहीतच धरल्या आहेत. सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या ७,३५० फ्रेमपैकी सरासरी २२० सदोष निघाल्या, तरी डिस्क चांगलीच मानली जाते.

पहिला बचाव प्रकाशाचा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा थर १.२ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत अजून पसरट असतो, माहितीच्या थरावर पोचल्यावरच तो नेमका होतो. त्यामुळे बारीक धूळ त्याला फारशी नडत नाही.

उरलेल्या चुका गणित निस्तरते. त्याचा पाया अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६०मध्ये घातला. माहितीच्या २४ बाइटना पडताळ्याचे ४ बाइट जोडायचे, हे २८ बाइट शंभराहून अधिक फ्रेममध्ये विखरायचे आणि मग प्रत्येक फ्रेमला आणखी ४ जोडायचे. खरी हुशारी या विखरण्यात आहे. ओरखड्याने सलग पट्टा खाल्ला, तरी मूळ क्रम लावताना ते नुकसान अनेक गटांत थोडे थोडे वाटले जाते. सी-१ ही पहिली पायरी किरकोळ चुका सुधारते आणि न सुटलेल्या बाइटवर संशयाची खूण करते. चुकीची जागा अशी आधीच कळली, की सी-२ ही दुसरी पायरी दोनऐवजी चार बाइट भरून काढू शकते. ट्रॅकवरचे सुमारे अडीच मिलिमीटरचे खिंडार असे पूर्ण बुजते.

त्याहून मोठे असेल तर प्लेअर मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधला स्वर अंदाजाने बसवतो. गाण्यात हे खपते, हिशेबाच्या फाइलीत नाही. म्हणून सीडी-रॉमच्या २,३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये दुरुस्तीसाठी वेगळे २७६ बाइट राखतात. इतर कामांचे थोडे बाइटही वगळता माहितीला उरतात २,०४८.

डिस्क गोल फिरवून पुसू नये, मध्यापासून कडेकडे पुसावी. ट्रॅकच्या दिशेने उठलेला ओरखडा सर्वांत घातक. छापील बाजू अधिक नाजूक असते, कारण तिथे धातूवर लाखेचा पातळ थर तेवढा असतो.

दुरुस्ती मुकाट्याने होत असल्याने झिजत चाललेली डिस्कही शेवटपर्यंत ठणठणीत वाटते. म्हणून जुन्या डिस्क चुका मोजणाऱ्या ड्राइव्हवर अधूनमधून तपासाव्यात आणि सी-१चा आकडा चढू लागताच नवी प्रत काढावी. सी-२लाही न सुटलेली चूक दिसेपर्यंत थांबले, तर मूळ माहिती गेलेली असते.