शाळा सुरू होण्याआधी: शिक्षकाची स्वतःची तीन ध्येयं

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आपलं नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. वार्षिक नियोजनाच्या वहीत यंदा एक पान स्वतःसाठी ठेवा.

📌 ५० तास, आवडीच्या विषयाचे
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, तेही स्वतःच्या आवडीनुसार. म्हणजे महिन्याला चार-पाच तास. विषय आत्ताच ठरवा, नाहीतर सगळं मार्चवर ढकललं जातं.

📌 मोजता येईल असं ध्येय
‘मुलांचं वाचन सुधारेन’ एवढ्याने भागत नाही. ‘दिवाळीपर्यंत तिसरीतलं प्रत्येक मूल अनोळखी उतारा समजून वाचेल, दर शनिवारी पाच मुलांचं वाचन ऐकून नोंद ठेवेन’ असं लिहा. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही तिसरीपर्यंतच्या वाचन आणि संख्याज्ञानावरच आहे.

📌 प्रश्नानंतर तीन सेकंद थांबणं
अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. महिन्यातून एकदा सहकाऱ्याला आपल्या तासाला बसवा आणि हेच बघायला सांगा.

तीन ध्येयं पुरेत. दिवाळीच्या सुट्टीत नोंदी तपासा आणि गरज वाटली तर ध्येय बदला. मुलांइतकाच शिकण्याचा हक्क आपलाही आहे!