लहान पी, मोठा एच

शाम्पूच्या बाटलीवर, पाण्याच्या तपासणी अहवालात, आयसीयूतल्या रक्तचाचणीच्या कागदावर आणि शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत एकच दोन अक्षरी खूण भेटते : पीएच. पी लहान, एच मोठा. जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांत ती अशीच छापली जाते. पण या लहान पीचा अर्थ विचारला की प्रत्येक भाषा वेगळं उत्तर देते. जर्मन माणूस ‘पोटेन्झ’ म्हणजे घात असं सांगतो. फ्रेंच पुस्तकांत ‘पोतांसिएल’ मिळतं, स्पॅनिशमध्ये ‘पोतेन्सियाल’, इंग्रजीत ‘पॉवर’. काही जण तर लॅटिनमधला ‘पोंडुस’, म्हणजे भार, शोधून काढतात.

एचबद्दल वाद नाही, तो हायड्रोजनचा. खरं तर हायड्रोजनला जर्मनमध्ये ‘वासरश्टोफ’ म्हणतात, रशियनमध्ये ‘वदारोद’ आणि डॅनिशमध्ये ‘ब्रिंट’. एकाही नावात आरंभी एच नाही. तरी बर्झेलियस या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूलद्रव्यांना लॅटिन नावांवरून अक्षरं दिली आणि ती सगळ्यांनी मान्य केली. पीला मात्र असा कुणी पंच भेटला नाही.

ही खूण जन्मली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअरचा कारखाना काढणाऱ्या याकोबसेन यांनी १८७५ साली ती उभी केली, मद्य आंबवण्यामागचं शास्त्र नीट समजावं म्हणून. तिथल्या रसायन विभागाचे आधीचे प्रमुख होते योहान केल्डाल. नत्र मोजण्याची त्यांची १८८३ ची पद्धत शेतीच्या प्रयोगशाळा आजही वापरतात. त्यांच्यानंतर, १९०१ साली, सोरेन सोरेनसेन त्या खुर्चीवर आले. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, प्रथिनांचं विघटन कसं करतात याचा ते अभ्यास करत होते. द्रावण किती आम्ल आहे यावर विकराचं काम जोरात चालेल की ठप्प होईल हे ठरत होतं, आणि ती आम्लता मोजून नेमकी मांडायची अडचण होती. शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सियसला, एका लिटरमध्ये हायड्रोजन आयनांचं प्रमाण ०.००००००१ मोल असतं, म्हणजे दहाचा उणे सातवा घात. प्रत्येक तक्त्यात अशी शून्यांची रांग लिहीत बसणं कुणाला परवडणार? सोरेनसेन यांनी १९०९ साली सुचवलं, की फक्त घातांक घ्यावा आणि त्याचं उणे चिन्ह काढून टाकावं. शुद्ध पाण्यासाठी उरला तो आकडा सात.

हे संशोधन त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि डॅनिशमध्ये प्रसिद्ध केलं. घात या अर्थाचा शब्द तिन्ही भाषांत पीपासूनच सुरू होतो : पोटेन्झ, प्युइसान्स, पोटेन्स. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की पी आपल्याच शब्दाचा. सोरेनसेन यांनी मात्र पी का निवडला हे लिहिलेलंच नाही. त्यांचे मूळ लेख बारकाईने वाचणाऱ्या डॅनिश अभ्यासकांनी पुढे दाखवलं, की प्रयोगातल्या दोन द्रावणांना त्यांनी पी आणि क्यू अशी नावं दिली होती. बीजगणितात आपण एक्स आणि वाय धरतो, तसंच हे. मला हे स्पष्टीकरण सगळ्यांत पटतं, कारण ते कुठल्याही भाषेची बाजू घेत नाही. सोरेनसेन यांच्या लेखनात एच हा पीच्या पायाशी, बारीक टाइपात होता. १९२० च्या सुमारास मॅन्सफील्ड क्लार्क या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या पुस्तकाने छपाईच्या सोयीसाठी तो वर आणला आणि आजची खूण रूढ झाली.

आजच्या रसायनशास्त्राने हा वाद वेगळ्याच रीतीने मिटवला आहे. लहान पी म्हणजे एक क्रिया : पुढच्या राशीचा दहाच्या पायावर लॉगरिदम घ्या आणि चिन्ह बदला. म्हणून पीओएच लिहिता येतं, पीकेए लिहिता येतं. ही क्रिया ध्यानात राहिली तर पी कुणाचा हे विसरलं तरी चालेल. ती विसरली, तर मात्र आकडा फसवतो.

कसा फसवतो ते रक्तात बघा. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ झाला तर नवख्या नातेवाईकाला वाटेल, काय मोठंसं, पाव-अर्ध्याचा तर फरक! पण दोनचा लॉगरिदम ०.३ आहे. म्हणजे रक्तातले हायड्रोजन आयन दुप्पट झाले, लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोलवरून ८० वर गेले. डॉक्टरांची धावपळ त्या दुपटीसाठी असते. पूर्ण एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, दोन अंकांचा म्हणजे शंभरपट. शिवाय मोजपट्टी उलटी : आकडा उतरतो तेव्हा आम्लता चढते.

वाचण्याच्याही तऱ्हा आहेत. जर्मन लोक ‘पे-हा’ म्हणतात, फ्रेंच आणि रशियन ‘पे-आश’. जपानमध्ये जुनी पिढी जर्मन वळणाने ‘पेहा’ म्हणे, आता इंग्रजी वळण रुळलं आहे. हिंदीत ‘पीएच मान’. मराठीने स्वतःचा शब्द केला : सामू. शाळेच्या विज्ञानात तो आहे, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत आहे, माती परीक्षणाच्या पत्रिकेत तर पहिल्या काही ओळींतच. शेतकरी बोलताना ‘पीएच साडेआठ आला’ म्हणतो आणि पत्रिकेत ‘सामू ८.५’ वाचतो, दोन्हींत त्याची गल्लत होत नाही. पंचाईत होते ती सातच्या वरच्या बाजूला. तिला शाळेत आम्लारी म्हणतात, वर्तमानपत्रात अल्कधर्मी आणि शेतीच्या पुस्तकात विम्ल. बारावी विज्ञान झालेला मुलगा बापाची पत्रिका वाचताना ‘विम्ल’पाशी अडतो. शाळेने आणि कृषी खात्याने यांतला एकच शब्द ठरवून घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पत्रिकेतला सामू काढण्याचं प्रयोगशाळेतलं काम साधं असतं. वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, काचेच्या कांडीने अधूनमधून ढवळत अर्धा तास. मग ज्ञात सामूच्या बफर द्रावणांत पडताळून घेतलेला काचेचा इलेक्ट्रोड त्यात बुडवायचा. काचेच्या या इलेक्ट्रोडचं काम हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी प्रसिद्ध केलं तेही १९०९ सालीच. अर्नॉल्ड बेकमन यांनी १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी त्याला व्हॅक्यूम ट्यूबच्या वर्धकाची जोड दिली, तेव्हा हे मोजमाप टेबलावर मावणाऱ्या यंत्रात आलं.

पत्रिकेतला तो एक आकडा महाराष्ट्रात प्रदेशागणिक वेगळं सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या जमिनीतून धो धो पाऊस चुना धुऊन नेतो, म्हणून तिथे सामू सातच्या खाली, बऱ्याचदा साडेपाच-सहाच्या आसपास. तिथे चुना देतात. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो आठच्या पुढे जातो. त्यामुळे मातीत लोह भरपूर असलं तरी पिकाला मिळत नाही. द्राक्षाची किंवा संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं पान हातात धरून शेतकरी दुकानात जातो आणि आणखी युरिया घेऊन येतो, तेव्हा वाईट वाटतं. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात आणि शिराही हिरव्या राहत नाहीत. पान कुठलं आणि शिरा कशा, एवढं पाहिलं तरी खर्च वाचतो.

सामू साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, झाल्याचा संशय घ्यावा. पाटाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या काळ्या रानांत हे खूप दिसतं : माती ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वर साचून राहतं. उपाय जिप्समचा, आणि त्याबरोबर निचऱ्याचा. पण जिप्समची पोती आणण्याआधी पत्रिकेत सामूच्या शेजारची ओळ वाचावी. तिथे विद्युत वाहकता असते, आणि सोडियमची तपासणी केली असेल तर विनिमययोग्य सोडियमचं प्रमाणही. वाहकता जास्त आणि सोडियम कमी असेल तर जमीन नुसती खारवट आहे. तिला जिप्सम लागत नाही, चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात.