ऊतींचा मऊपणा सांगणारे प्रकाशठिपके

लोणी भापकर - विरजण लावलेल्या दुधाचे दही झाले की नाही, हे बारामती तालुक्यातील लोणी भापकरच्या गृहिणीला भांडे किंचित कलते करताच समजते. रक्तवाहिनीच्या आतील थर मऊ आहे की टणक, हे मात्र असे पाहता येत नाही. तेथे लेसरची मदत होऊ शकते.

दुधावर लेसरचा झोत टाकल्यास स्निग्धकणांवरून विखुरलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजळ व काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. कण हलत असल्याने ती झरझर बदलते; दही लागले, की कण जखडले जातात आणि बदल मंदावतो. शरीरातील ऊतींचेही तसेच. नक्षी जितक्या वेगाने बदलेल, तितकी ऊती मऊ.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील सीमंतिनी नाडकर्णी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृतदेहांतून मिळालेल्या महाधमनीतील थर त्यांनी तपासले. पातळ आवरणाखाली मऊ मेद असलेल्या थरांवरील नक्षी तंतुमय, टणक थरांपेक्षा वेगाने बदलत होती.

अँजिओग्राफी रक्तवाहिनी किती अरुंद झाली, हे दाखवते. थर किती मऊ आहे, हे नाही. हृदयविकाराचे अनेक झटके मात्र फारसा अडथळा न करणारा मऊ थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी झाल्याने येतात. असा थर आधीच ओळखणे, हे या संशोधनाचे ध्येय आहे. ही तपासणी अद्याप रुग्णालयांत रुळलेली नाही. त्यामुळे छातीत दुखू लागल्यास विलंब न करता रुग्णालय गाठून ईसीजी काढून घेणे, हेच हिताचे.