पाटी हाती घेण्यापूर्वी

जून उजाडला की गुलमंडीवरील दुकानांतून गणवेश आणि दप्तरे यांच्या खरेदीची झुंबड उडते. तीन वर्षांच्या बालकाचे बोट धरून आलेले आईवडीलही त्या गर्दीत असतात. बालकास कोणत्या बालवाडीत घालावयाचे, हा निर्णय मात्र त्यापूर्वीच झालेला असतो. आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, इमारतीच्या थाटावरून अथवा शुल्काच्या आकड्यावरून झालेला असतो. शुल्क जितके अधिक तितके शिक्षण उत्तम, हा समज नोकरदाराच्या पगारास भगदाड पाडतो. खरी किंमत मात्र बालकालाच मोजावी लागते.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच शोधलेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरे राखावयास जात, तेव्हा शाळा कुरणात भरली. चांगले बालशिक्षण पैशावर अवलंबून नसते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

लवकर लिहू लागले नाही तर आपले मूल मागे पडेल, ही पालकांची भीती समजण्याजोगी आहे. परंतु तिसऱ्या वर्षी बोटांचे स्नायू पेन्सिल पेलण्यास तयार झालेले नसतात. मणी ओवणे, डाळी निवडणे, माती मळणे यांतूनच ते तयार होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात घालून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

तेव्हा पालकांनी काय पाहावे? साधने मुलांच्या हाताला लागतात की कपाटात कुलूपबंद असतात? वर्गात बाईच बोलतात की मुलेही बोलतात? रडणाऱ्या मुलास घरच्या भाषेत समजावले जाते काय? एका बाईंच्या वाट्याला मुले किती? पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय कशी आहे? घरापासूनचे अंतर लहान पावलांना झेपणारे आहे काय? स्नेहसंमेलनाच्या दिवशी यांपैकी काहीच कळत नाही. त्यासाठी एखाद्या साध्या दिवशी, अनुमती घेऊन, तासभर वर्गाच्या कोपऱ्यात बसावे लागते. तशी अनुमतीच जेथे मिळत नाही, तेथे पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही.

दप्तराची खरेदी चार दिवस लांबली तरी बालकाचे काही बिघडत नाही. तो एक तास मात्र टाळता येण्याजोगा नाही.