मुरूम, डाग आणि औषधांची जुळणी

मुरूम आठ-दहा दिवसांत बसतो. त्याच्या जागी उरलेला तपकिरी डाग मात्र सहा-सहा महिने हलत नाही. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचे हे ठरलेले दुखणे आहे. त्वचेत कुठेही दाह झाला की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी बिथरतात आणि गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन तयार करू लागतात. मुरूम म्हणजे दाहच. त्यामुळे आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञांपुढे तक्रार बहुधा जोडीनेच येते : पुरळ थांबवा आणि डागही घालवा. घरातल्या फळीवरही मग जोड्याच जमतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, नायसिनामाइडचे सिरम, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, शिवाय ग्लायकोलिक अ‍ॅसिड. बाटलीवर जे छापले आहे, ते त्या एका घटकापुरते खरेही असते. अडते ते सगळे एकाच चेहऱ्यावर, एकाच आठवड्यात लावल्यावर.

आग होणे, साले निघणे, लालसरपणा हाही दाहच आहे. गोऱ्या त्वचेवर तो लाली देऊन ओसरतो, आपल्या त्वचेवर डाग ठेवून जातो. डाग घालवण्यासाठी लावलेल्या चार आम्लांनी नवे डाग उठतात, ते असे. म्हणून जोडी जमवताना तीन गोष्टी बघायला हव्यात. दोन्ही घटकांची कामे वेगळी असावीत, एकाने दुसऱ्याला नासवू नये आणि दोन्ही मिळून त्वचेला सोसावेत.

कामे वेगळी असावीत, असे का? मुरूम एका कारणाने येत नाही. तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि या साऱ्याला शरीर दाहाने उत्तर देते. रेटिनॉइड वर्गातली औषधे, म्हणजे अ जीवनसत्त्वाची भावंडे, बूच बसू देत नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळते, म्हणून छिद्रात शिरून साचलेले मोकळे करते. एकाच कामाची दोन औषधे, उदाहरणार्थ सॅलिसिलिकवर लगेच ग्लायकोलिक, एकत्र लावली तर फायदा दुप्पट होत नाही. जळजळ मात्र होते.

एक औषध दुसऱ्याला कसे नासवते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मुरमांवर ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडचा उपयोग होतो, हे फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडले. दोनच वर्षांत अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बेन्झॉइल पेरॉक्साइड त्याआधीपासून वापरात होते. दोन्ही उत्तम, मग एकत्र लावायला काय हरकत? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र करून प्रकाशात ठेवले गेले. दोन तासांत निम्म्याहून अधिक ट्रेटिनॉइन मोडून गेले, चोवीस तासांत जवळपास ९५ टक्के. त्याच परिस्थितीत अ‍ॅडापलीन हे नंतरच्या पिढीतले रेटिनॉइड शाबूत राहिले. म्हणूनच अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये भरता आले. अमेरिकेत असे जेल २००८ साली मान्य झाले आणि आज ही जोडी आपल्याकडच्या मेडिकलमध्येही मिळते. ट्रेटिनॉइनसाठी तोडगा निघायला आणखी तेरा वर्षे लागली. २०२१ साली मान्य झालेल्या एका क्रीममध्ये दोन्ही औषधांचे कण सिलिकाच्या सूक्ष्म कवचात वेगवेगळे बंद केलेले असतात.

घरी एवढी सोय नसते. तिथे साधा मार्ग म्हणजे ट्रेटिनॉइन रात्री आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी. त्यातही जोर वाढवण्याची घाई नको. अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड दाहक मुरमांवर दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि जळजळ कमी होते, हे १९८० च्या दशकातच दिसून आले आहे. त्याची एक खोड मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. ते कापडाचा रंग उडवते. निळ्या टॉवेलवर पिवळट ठिपके पडतात, उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिका पट्टा उमटतो. पांढरा टॉवेल वेगळा ठेवणे बरे.

क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविकाचे जेल कधीच एकटे लावू नये. जिवाणू त्याला सरावतात आणि काही महिन्यांत औषध बोथट होते. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर हे टळते, कारण त्याला जिवाणू सरावत नाहीत.

आता डागांकडे वळू. मेलॅनिन तयार होण्यात टायरोसिनेज हे एन्झाइम कळीचे असते, आणि तयार झालेले रंगद्रव्य मग आजूबाजूच्या पेशींमध्ये वाटले जाते. व्हिटॅमिन सी, कोजिक अ‍ॅसिड आणि अझेलाइक अ‍ॅसिड टायरोसिनेजला अडवतात. नायसिनामाइड पुढच्या टप्प्यावर, रंगद्रव्याच्या वाटपावर काम करते. म्हणजे ही कामे एकमेकांना पूरक आहेत. तरीही ‘व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड एकत्र लावू नका’ हा सल्ला फार पसरला आहे. त्याचे मूळ अनेक दशकांपूर्वीच्या, दोन्ही पदार्थ शुद्ध आणि अस्थिर रूपात मिसळून केलेल्या प्रयोगांत आहे. आजच्या सिरमना तो लागू होत नाही. व्हिटॅमिन सीची खरी अडचण वेगळीच आहे. शुद्ध रूपात ते त्वचेत मुरायला द्रावण चांगलेच आम्लधर्मी, साडेतीनपेक्षा कमी पीएचचे लागते, आणि हवा-उजेड लागला की ते बिघडते. बाटलीतला पाण्यासारखा द्रव गडद तपकिरी झाला असेल तर ती टाकून द्यावी, किंमत कितीही मोजलेली असो.

या साऱ्या घटकांत अझेलाइक अ‍ॅसिडची चर्चा सर्वांत कमी होते. आपल्या त्वचेचा विचार केला तर त्याचा मान बराच वरचा आहे. पावसाळ्यात पाठीवर, छातीवर, मानेवर पांढुरके चट्टे येतात, ज्यांना आपण शिबे म्हणतो. ते ज्या यीस्टमुळे येतात, तिचा अभ्यास करताना १९७० च्या दशकात रोममधल्या मार्चेला नाझारो-पोर्रो आणि सिरो पासी यांचे लक्ष या आम्लाकडे गेले. ते टायरोसिनेजला रोखते, असे दिसले. मग वांगावर ते लावून पाहताना रुग्णांचे मुरूमही कमी होत असल्याचे ध्यानात आले. गहू आणि बार्लीतही आढळणारा हा घटक जिवाणूंना आवरतो, छिद्र तुंबू देत नाही, दाह शमवतो आणि डागही फिके करतो. तो प्रामुख्याने बिथरलेल्या रंगपेशींवर काम करतो, त्यामुळे डागाभोवतीची चांगली त्वचा पांढुरकी होत नाही. गर्भारपणात रेटिनॉइड वर्ज्य असतात, तेव्हाही डॉक्टर हे देऊ शकतात. पहिले काही आठवडे खाज आणि टोचल्यासारखे वाटते, एवढाच त्याचा त्रास. दोन तक्रारींवर एक औषध पुरत असेल तर चार बाटल्यांचा मेळ घालायची गरजच उरत नाही.

लावण्याची रीतही महत्त्वाची. रेटिनॉइड रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर लावायचे. ओल्या त्वचेत ते जास्त शिरते आणि जास्त जाळते. साऱ्या चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक दिवसाआड लावावे, त्वचा फार कोरडी असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि मग औषध. नवा घटक एका वेळी एकच सुरू करावा, म्हणजे आग झाली तर कशाने झाली ते कळते. पहिल्या महिन्यात मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसतात आणि बरेच जण तिथेच औषध सोडतात. खरा फरक कळायला दोन ते तीन महिने लागतात.

सकाळी सनस्क्रीन नसेल तर रात्रीचे कष्ट वाया जातात. गव्हाळ-सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही रंग गडद होतो, हे २०१० साली एका अभ्यासात स्पष्ट झाले. साधे सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन अडवते. वांग असणाऱ्यांनी तेच निवडावे.

आणि एक जुळणी अशी आहे की तिने महाराष्ट्रासकट देशभर चेहरे बिघडवले आहेत. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण डागांवर मांडले. तिघांची जुळणी विचारपूर्वक होती. स्टिरॉइड जळजळ दाबते, ट्रेटिनॉइन हायड्रोक्विनोनला आत शिरू देते. याच धर्तीवरचे क्रीम वांगासाठी अमेरिकेत मान्य आहे, पण तेही आठ आठवड्यांपुरते. आपल्याकडे मात्र अशा तिहेरी क्रीमच्या ट्यूब गोरेपणाचे मलम म्हणून चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या, मैत्रिणीने मैत्रिणीला सांगितल्या, वर्षानुवर्षे लावल्या गेल्या. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, मुरूम दबतात. पुढे कातडी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरूम पहिल्यापेक्षा जोरात उसळतात. थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बारा केंद्रांच्या भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती आजही सहज हाती पडतात.

त्याहून घातक म्हणजे लेबलवर घटकच नसलेली, स्थानिक बाजारात मिळणारी क्रीम. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आल्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला, आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळमध्येही डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचा गोरे करणाऱ्या क्रीमशी संबंध नोंदवला आहे.

घरात एखादे जुने मलम असेल तर ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसले तरी ते स्टिरॉइड आहे. महिनोन्महिने लावलेले असे मलम एका रात्रीत बंद करू नये, कारण चेहरा एकदम भडकतो. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कमी जोराचे औषध देत, हळूहळू अंतर वाढवत ते सोडवता येते. मुरूम आणि डागांचा उपचार त्वचा शांत झाल्यानंतर सुरू होतो, आणि सुरुवातीला एकाच औषधाने.